मायकेल फॅरडे आणि एंजिनाची नाडी

गांवावरून जाणारी एस. टी.ची गाडी असो, बाजारांत भाजीपाला आणणारा टेंपो असो, किंवा दारापुढें उभी असलेली मोटार असो. चालकानें किल्ली फिरवितांच एंजिन घुरघुरूं लागतें आणि गाडी मार्गस्थ होते. ही गोष्ट आपल्या इतक्या अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत कांहीं नवल आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु क्षणभर विचार करून पाहा. एंजिनाच्या सिलिंडरांतील दट्ट्या सारखा वर-खालीं होत असतो. त्यानें हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबून आणलें असतां नेमक्या वेळीं ठिणगी पडावी लागते. ती फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यास उलट धक्का बसतो. उशीरां पडली तर शक्ति वायां जाते. शिवाय मिश्रण जळण्यास थोडा काळ लागतो. म्हणून एंजिनाचा वेग जसजसा वाढतो तसतशी ठिणगी अधिक आधीं पाडावी लागते. सारांश, एंजिन किती वेगानें फिरत आहे, आणि या क्षणीं दट्ट्या कोठें आहे, या दोन प्रश्नांचीं उत्तरें क्षणोक्षणीं मिळावीं लागतात. वैद्य जशी रोग्याची नाडी पाहतो, तशी कोणी तरी एंजिनाची नाडी अखंड धरून बसलें पाहिजे.

आजच्या पुष्कळ गाड्यांत हें काम बोटाएवढा एक लहानसा भाग करतो. गाडी दुरुस्त करणारे कारागीर त्यास क्रँक सेन्सर म्हणतात. त्याच्या पोटांत बहुधा तीनच वस्तु असतात : एक लोहचुंबक, एक नरम लोखंडाचा तुकडा, आणि बारीक तांब्याच्या तारेचें एक वेटोळें. यांपैकीं एकही वस्तु दुर्मिळ नाहीं. मात्र त्या तिन्हींना बोलतें करणारा जो निसर्गाचा नियम, तो मनुष्याला ठाऊक होण्यास १८३१ साल उजाडावें लागलें, आणि तो शोधून काढणारा पुरुष एका लोहाराचा मुलगा होता. त्या मायकेल फॅरडेचें चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सारखेंच बोधप्रद आहे, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स या वस्तींत झाला. त्याचा बाप जेम्स इंग्लंडच्या उत्तर भागांतून पोटासाठीं राजधानीजवळ येऊन राहिला होता. परंतु त्याची प्रकृति वरचेवर बिघडे, आणि लोहाराच्या हातांत बळ नसलें म्हणजे भाता बंद पडतो व भात्यामागोमाग चूलही थंड होते. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ सालीं धान्याची फार महागाई झाली, तेव्हां या मुलाला आठवड्यास एक पाव मिळे व तोच त्याला सात दिवस पुरवून खावा लागे. शाळेंत तो वाचन, लेखन व साधें गणित एवढेंच शिकला. घरचीं माणसें सँडेमन याच्या अनुयायांच्या एका लहान व साध्या ख्रिस्ती मंडळींतील होतीं. त्या मंडळींत धनाचा सांठा करणें चांगलें मानीत नसत. मायकेलच्या पुढील आयुष्यांत मानापमानाविषयीं जी एक विलक्षण शांति दिसून येते, तिचें मूळ या घरांतच शोधलें पाहिजे.

तेराव्या वर्षीं, म्हणजे १८०४ सालीं, तो ब्लॅंडफर्ड स्ट्रीटवरील रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे हरकाम्या म्हणून राहिला. वर्तमानपत्रें घरोघर पोंचवावीं, आणि वाचून झालीं म्हणजे तींच परत आणून दुसऱ्या घरीं द्यावीं, हें त्याचें काम. वर्षभर त्याची चोख वागणूक पाहून मालकानें त्याला एक पैही न घेतां पुस्तकबांधणीच्या धंद्यांत सात वर्षांचा उमेदवार करून घेतलें. येथें त्याचें खरें शिक्षण सुरू झालें. इतर उमेदवार पुस्तकांचे पुठ्ठे बांधीत; मायकेल पुठ्ठ्यांच्या आंत काय आहे तें वाची. बांधणीस आलेल्या विश्वकोशांत विजेवरचा लेख त्याच्या दृष्टीस पडला. मिसेस मार्सेट या विदुषीनें संवादरूपानें लिहिलेलें रसायनशास्त्राचें पुस्तकही त्याच्या हातीं आलें. पण वाचलेल्या गोष्टीवर तो तसाच विश्वास ठेवीत नसे. खिशांतले थोडे पेन्स खर्चून जुन्या बाटल्या व किरकोळ सामान आणावें, त्यांचें लहानसें विद्युद्यंत्र करावें, आणि पुस्तकांत सांगितलेलें खरें आहे कीं नाहीं हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें, ही त्याची रीत.

१८१० सालीं त्याचे वडील वारले. त्याच सुमारास टेटम नांवाचे एक गृहस्थ आपल्या घरीं सृष्टिशास्त्रावर व्याख्यानें देत असत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग फी पडे, व उमेदवाराजवळ शिलिंग कोठून असणार? तो त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्टही वडिलांप्रमाणें ऐरणीवर घाम गाळणारा. त्या शिलिंगांतून पुढें जगाला काय मिळणार आहे, याची देणाऱ्याला कल्पनाही नव्हती.

१८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही याच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. डेव्ही हा त्या काळचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलनें प्रत्येक व्याख्यानाचें टिपण घेतलें, घरीं येऊन तें सविस्तर लिहून काढलें, आकृत्या काढल्या, आणि आपल्याच हातानें त्याचें सुबक पुस्तक बांधलें. उमेदवारी संपून तो कारागीर झाला होता. पण त्याचें चित्त धंद्यांत रमेना. अखेर धीर करून त्यानें तें पुस्तक एका पत्रासह डेव्हीकडे पाठविलें. डेव्हीनें त्याला भेटीस बोलावलें, ममतेनें वागविलें, आणि हातचा धंदा सोडूं नकोस, असा व्यवहाराचा सल्लाही दिला. परंतु थोड्याच महिन्यांत रसायनशाळेंतील साहाय्यकाची जागा रिकामी झाली. १ मार्च १८१३ रोजीं एकवीस वर्षांचा फॅरडे तेथें रुजू झाला. पगार आठवड्यास २५ शिलिंग, आणि इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कोळसा व मेणबत्त्या. त्याच इमारतींत त्यानें पुढें आपल्या आयुष्याचीं पंचेचाळीस वर्षें घालविलीं.

आरंभ सुखाचा नव्हता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत डेव्ही पत्नीसह युरोपच्या प्रवासास निघाला व फॅरडेस बरोबर घेतलें. ऐन वेळीं डेव्हीचा खासगी चाकर यावयास कबूल होईना. तेव्हां नवा चाकर मिळेपर्यंत तें काम फॅरडेनेंच पाहावें असें ठरलें, आणि नवा चाकर कधींच मिळाला नाहीं. डेव्हीची पत्नी मोठ्या मानाची. ती या तरुणास नोकराप्रमाणें वागवी. कांहीं वेळां सर्व सोडून परत जावें असें त्याच्या मनांत येई. परंतु याच प्रवासांत पॅरिसमध्यें अँपियर व मिलानमध्यें वृद्ध व्होल्टा यांचें दर्शन त्याला घडलें. अपमान गिळून त्यानें विद्या वेंचून घेतली, आणि १८१५ सालच्या एप्रिलमध्यें लंडनला परतला, तेव्हां तो पूर्वीचा बुजरा कारागीर राहिला नव्हता.

१८२० सालीं डेन्मार्कमधील अर्स्टेड या शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, तारेंतून विजेचा प्रवाह सोडला असतां जवळची चुंबकसूची वळते. वीज व चुंबक यांचें कांहीं गुप्त नातें आहे, हें त्या दिवशीं उघड झालें. पुढच्याच वर्षीं, १८२१ च्या सप्टेंबरांत, फॅरडेनें पाऱ्याच्या पात्रांत लोंबती तार ठेवून ती चुंबकाभोंवतीं सारखी फिरती केली. विजेच्या बळावर अखंड गति देणारें हें पहिलें उपकरण. आजच्या विजेच्या मोटारीचा तो आद्य पूर्वज होय. त्याच वर्षीं जूनमध्यें सारा बर्नार्ड हिच्याशीं त्याचें लग्न झालें होतें.

पण या यशाबरोबरच एक दुःखही आलें. वोलॅस्टन नांवाचा थोर शास्त्रज्ञ याच विषयावर विचार करीत होता, आणि फॅरडेनें घाईनें निबंध प्रसिद्ध करतांना त्याचा उल्लेख केला नाहीं. लगेच कुजबूज सुरू झाली कीं, पुस्तकबांधणी करणाऱ्या या पोरानें दुसऱ्याची कल्पना चोरली. फॅरडेच्या मनाला हा आरोप फार लागला. वोलॅस्टनची प्रत्यक्ष भेट घेऊन त्यानें आपली बाजू मांडली. १८२४ च्या जानेवारींत रॉयल सोसायटीनें त्याला सभासद निवडलें. तेव्हां त्या संस्थेचा अध्यक्ष खुद्द डेव्ही होता, आणि विरोध करणाराही तोच. तथापि डेव्हीविषयीं फॅरडेच्या तोंडून निंदेचा शब्द कधीं बाहेर पडला नाहीं. आपल्याला दार उघडून देणारा हात तो विसरला नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. विजेपासून चुंबकत्व निर्माण होतें, हें अर्स्टेडनें दाखविलें. तर मग चुंबकापासून वीज कां निर्माण होऊं नये? हा प्रश्न फॅरडेनें १८२२ सालींच आपल्या वहींत टिपून ठेवला होता. परंतु उत्तर येईना. मधल्या वर्षांत त्यानें क्लोरीन वायूचा द्रव केला, १८२५ सालीं बेन्झीन शोधून काढलें, प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. आणि मधून मधून या जुन्या प्रश्नाकडे वळून हात हालवीत परत आला. एकटा तोच असें नव्हे. युरोपांतील अनेक पंडितांची तीच गत होती. चुंबक तारेजवळ ठेवावा आणि तारेंत सतत प्रवाह वाहूं लागावा, अशी सर्वांची अपेक्षा. चुंबक ठेवला, तार ठेवली, वाट पाहिली; प्रवाह नाहीं. जिनीव्हा येथें कोलादों नांवाच्या शास्त्रज्ञानें १८२५ च्या सुमारास वेटोळ्यांत चुंबक घालून पाहिला. चुंबकाचा परस्पर परिणाम होऊं नये म्हणून त्यानें प्रवाह दाखविणारी सुई शेजारच्या खोलींत ठेवली होती. चुंबक घालून तो त्या खोलींत जाई, तोंवर सुई स्थिर झालेली असे! सत्य त्याच्या घरीं येऊन दार ठोठावून गेलें, आणि यजमान दुसऱ्या खोलींत होता.

२९ ऑगस्ट १८३१ रोजीं फॅरडेनें नरम लोखंडाचें एक कडें घेतलें. त्याचा बाहेरचा व्यास सहा इंच, व जाडी एक इंचाहून किंचित् कमी. कड्याच्या एका अंगास त्यानें तांब्याच्या तारेचीं वेटोळीं गुंडाळलीं, व दुसऱ्या अंगासही तशींच गुंडाळलीं. तारेचे वेढे एकमेकांस लागूं नयेत म्हणून मध्यें दोरा व कापड घातलें. दुसऱ्या वेटोळ्याची तार सुमारें तीन फूट अंतरावरील चुंबकसूचीवरून नेली. मग पहिलें वेटोळें बॅटरीस जोडलें. सुई हालली, थरथरली, आणि पुन्हां आपल्या जागीं येऊन स्थिर झाली. बॅटरी जोडलेलीच होती. प्रवाह वाहतच होता. पण सुई निश्चल. बॅटरी सोडवितांच सुई पुन्हां एकदां हालली.

ती थरथर किती क्षुल्लक! दुसऱ्या एखाद्यानें टेबलाला धक्का लागला असेल म्हणून सोडून दिली असती. फॅरडेनें ती सोडली नाहीं. १७ ऑक्टोबरला त्यानें कागदाच्या पोकळ नळीवर तांब्याची तार गुंडाळली व साडेआठ इंच लांबीचा चुंबक झटकन् तींत सरकविला. सुई एका बाजूस हालली. चुंबक आंत तसाच राहूं दिला, सुई शांत. चुंबक बाहेर ओढला; सुई उलट बाजूस हालली. येथें सर्व कोडें उलगडलें. चुंबक नुसता जवळ असून चालत नाहीं. तो हालला पाहिजे. वीज चुंबकांतून येत नाहीं, चुंबकाच्या प्रभावांत होणाऱ्या बदलांतून येते. बदल जितका जलद, तितका विजेचा जोर अधिक. बदल थांबला कीं वीजही थांबली. २८ ऑक्टोबरला त्यानें मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्यें तांब्याची तबकडी फिरवून सतत वाहणारा प्रवाहही मिळविला, आणि २४ नोव्हेंबरला हा शोध रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. अमेरिकेंत जोसेफ हेन्री यानेंही स्वतंत्रपणें हाच परिणाम पाहिला होता. परंतु प्रसिद्धि प्रथम फॅरडेनें दिली. १९१५ सालीं खोपोलीच्या वीजगृहांतून मुंबईच्या गिरण्यांकडे जो प्रवाह वाहूं लागला, तो याच नियमाचें फळ होय.

या शोधाचा व मोटारगाडीचा संबंध कसा पोंचतो, हें आतां सहज समजेल. फॅरडे चुंबकाभोंवतीं अदृश्य रेषांचें जाळें कल्पीत असे. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला म्हणजे जो नक्षीदार आकार उमटतो, तें त्या रेषांचेंच चित्र. या रेषांना हवेपेक्षां लोखंडांतून जाणें फार सोपें पडतें. एंजिनांत दट्ट्यांची वर-खालीं गति ज्या दांड्यावर येऊन गोल फिरते, त्यास क्रँकशाफ्ट म्हणतात. त्या दांड्यावर लोखंडी दांत्यांचें एक चक्र बसविलेलें असतें, आणि चक्रापासून सुमारें एक मिलिमीटर अंतरावर तो लहानसा सेन्सर असतो. येथें चुंबकही हालत नाहीं आणि वेटोळेंही हालत नाहीं. हालतो तो दांता. दांता जवळ आला कीं चुंबकाच्या रेषांना लोखंडाची सोपी वाट मिळते व वेटोळ्यांतून जाणाऱ्या रेषा वाढतात. दांता पुढें सरकला कीं त्या कमी होतात. रेषा वाढतांना वेटोळ्यांत विजेचा एक झोंका एका बाजूस येतो, कमी होतांना दुसऱ्या बाजूस. आणि दांता नेमका समोर आला त्या क्षणीं झोंका शून्यांतून जातो. तो शून्याचा क्षण म्हणजेच दांता कोठें आहे याची अचूक खूण. फॅरडेच्या सुईची जी थरथर, तीच येथें दर दांत्यागणिक होत असते.

पुष्कळ गाड्यांच्या चक्रावर साठ दांत्यांची जागा आंखलेली असते. म्हणजे दर दांत्यास सहा अंश. पण त्यांपैकीं दोन दांते मुद्दाम काढून टाकलेले असतात व अठ्ठावन्न उरतात. एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदास ५० फेरे झाले, व सेन्सरांतून सेकंदास २,९०० झोंके निघाले. गाडींतील लहान संगणक ते मोजतो व वेग ओळखतो. जेथें दोन दांते नाहींत तेथें क्षणभर खंड पडतो; हा खंड म्हणजे जपमाळेंतील मेरुमणि. तेथून मोजणी नव्यानें सुरू होते, आणि दट्ट्या कोठें आहे हें संगणकास कळतें. पूर्वीच्या गाड्यांत ठिणगीची वेळ साधण्याचें काम डिस्ट्रिब्युटर नांवाचा यांत्रिक भाग करी. त्याचे संपर्कबिंदु झिजत व पुनःपुन्हां जुळवावे लागत. सेन्सर दांत्यास स्पर्शही करीत नाहीं, मग तो घर्षणानें झिजणार कसा?

मात्र मूळ नियमाची मर्यादाही या यंत्रांत उतरली आहे. चक्र थांबलेलें असतां सेन्सर मुका असतो. आणि स्टार्टरनें एंजिन नुकतेंच हळूहळू फिरूं लागलें असतां त्याचा आवाज फार क्षीण असतो. अशा वेळीं चुंबकास लोखंडाचा चुरा चिकटलेला असला, मधलें अंतर वाढलेलें असलें, किंवा तार तुटलेली असली, तर संगणकास नाडी लागत नाहीं. तो ठिणगीही पाडीत नाहीं व इंधनही सोडीत नाहीं. एंजिन फिरतें, पण सुरू होत नाहीं. शिवाय चार टप्प्यांच्या एंजिनांत एक पूर्ण चक्र होण्यास क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. म्हणून वर आलेला दट्ट्या मिश्रण दाबीत आहे कीं धूर बाहेर लोटीत आहे, हें एकट्या क्रँक सेन्सरास सांगतां येत नाहीं. त्यासाठीं निम्म्या वेगानें फिरणाऱ्या कॅमशाफ्टजवळ दुसरा सेन्सर बसवितात. तो बहुधा निराळ्या तत्त्वावर, म्हणजे अमेरिकेंतील एडविन हॉल यानें १८७९ सालीं विद्यार्थिदशेंत शोधलेल्या परिणामावर, चालतो. त्याला चुंबकाचा प्रभाव नुसता असला तरी पुरतो. त्यामुळें चाक थांबलेलें असलें तरी तो मुका होत नाहीं. अनेक गाड्यांत क्रँकशाफ्टजवळही आतां असाच सेन्सर असतो.

कार्ल बेंझ यानें आपल्या मोटारगाडीचें पेटंट १८८६ सालीं घेतलें. तेव्हां फॅरडेला मृत्यु येऊन एकोणीस वर्षें होत आलीं होतीं. आपली थरथरती सुई कोणत्या वाहनांत जाऊन बसणार आहे, हें त्यानें स्वप्नांतही पाहिलें नव्हतें. त्याला हवा होता तो फक्त नियम.

शोधानंतर धन मिळविण्याची वाट त्याच्यापुढें मोकळी होती. कारखानदार सल्ल्यासाठीं भरपूर पैसा देण्यास तयार होते. परंतु तें काम वाढूं दिलें तर संशोधनास वेळ उरणार नाहीं, हें पाहून त्यानें तें जवळजवळ सोडून दिलें व संस्थेच्या बेताच्या उत्पन्नावर संसार केला. पुढें विजेनें पदार्थांचें पृथक्करण होण्याचे नियम त्यानें १८३३-३४ सालीं मांडले. १८४५ सालीं चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हें दाखविलें. दीपगृहांच्या सुधारणेसाठीं सरकारास वर्षानुवर्षें सल्ला दिला. त्याला उच्च गणित येत नव्हतें. ही उणीव त्यानें लपविली नाहीं. तिच्या जागीं रेषांचें चित्र उभें केलें. पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल या गणितज्ञानें त्याच चित्राला गणिताचें रूप दिलें, आणि तें किती खरें होतें हें जगास पटविलें.

मुलांवर त्याचें फार प्रेम. त्याला स्वतःला मूल नव्हतें. १८२५ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं नाताळची व्याख्यानमाला सुरू झाली, ती फॅरडेनें १८२७ ते १८६० या काळांत एकोणीस वेळां चालविली. एका साध्या मेणबत्तीवर त्यानें दिलेलीं व्याख्यानें आजही पुस्तकरूपानें वाचतात. सरदारकी त्यानें नाकारली. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदही नाकारलें. आपल्या लहान मंडळीचा वडील म्हणून मात्र तो उपदेश करी व आजाऱ्यांच्या भेटीस जाई. १८४० च्या सुमारापासून त्याची स्मरणशक्ति दगा देऊं लागली. पण त्याच्या वह्यांनीं त्याला साथ दिली. केलेला प्रत्येक प्रयोग, यशस्वी असो वा फसलेला, तो क्रमांक घालून लिहून ठेवी. हे क्रमांक सोळा हजारांच्या पुढें गेले आहेत. १८५८ सालीं राणी व्हिक्टोरियानें त्याला हॅम्प्टन कोर्ट येथें राहावयास घर दिलें. तेथेंच २५ ऑगस्ट १८६७ रोजीं, खुर्चींत बसल्या बसल्या, त्याचा अंत झाला. लंडनच्या हायगेट दफनभूमींत साध्या दगडाखालीं त्याचें शरीर विसावलें आहे. विद्युत्भार सांठविण्याच्या क्षमतेचें जें माप शास्त्रांत वापरतात, त्यास त्याच्या नांवावरून फॅरड असें म्हणतात.

विद्यार्थिमित्रांनो, फॅरडेच्या काळीं त्याच्याहून अधिक शिकलेले, अधिक श्रीमंत व अधिक प्रतिष्ठित पंडित पुष्कळ होते. चुंबकही त्यांच्याजवळ होते आणि तारही होती. फॅरडेजवळ अधिक होती ती एकच गोष्ट : अपेक्षेप्रमाणें जें घडलें नाहीं, त्याकडेही तो तितक्याच आदरानें पाही. सुई स्थिर राहावी असें त्याला वाटत नव्हतें, पण ती स्थिर राहिली हें त्यानें मान्य केलें. आणि ती क्षणभर हालली हेंही त्यानें नजरेंतून निसटूं दिलें नाहीं. प्रयोगवहींत उत्तर जुळत नाहीं म्हणून आंकडा खोडण्याचा मोह तुम्हांला होईल, तेव्हां या लोहाराच्या मुलाची आठवण ठेवा. न जुळणारा आंकडाच कदाचित् खरें कांहीं सांगत असेल.

आणि पालकांस एवढीच विनंति कीं, रॉबर्ट फॅरडेचा शिलिंग विसरूं नये. घरांत ओढ असतां, ज्याचा उपयोग आपल्याला स्वतःला कधींच कळणार नाहीं अशा विद्येसाठीं, त्या कष्टकरी भावानें तो दिला. आज रस्त्यानें जाणाऱ्या गाडींत एंजिनाची नाडी सेकंदास हजारों वेळां उडते, तिच्यांत त्या शिलिंगाचाही वांटा आहे.